आजचा रुपया आणि उद्यांचा रुपया

मुंबईस १९१३ सालीं सिडनहॅम महाविद्यालय निघालें, तेव्हां व्यापारासाठीं पदवी घ्यावयाची ही गोष्टच आपल्याकडे नवी होती. पेढीवर बसावें, मुनिमाच्या हाताखालीं कीर्द-खतावणी शिकावी आणि चार ठेंचा खाऊन शहाणें व्हावें, हीच तेव्हांची शाळा. आज वित्तशास्त्राच्या स्वतंत्र पदव्या निघाल्या आहेत, आणि तालुक्याच्या गांवाहून आलेलीं मुलेंमुली त्या वर्गांत बसलेलीं दिसतात. कित्येकांच्या फीसाठीं घरीं कर्ज काढलेलें असतें. तेव्हां या तीन-चार वर्षांत त्यांच्या पदरांत काय पडतें, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

वित्तशास्त्र म्हणजे जमाखर्च, अशी पुष्कळांची समजूत असते. जमाखर्च हा झालेल्या व्यवहाराचा हिशेब होय. वित्तशास्त्र पुढें पाहतें. उद्यां येणाऱ्या पैशाचें आज मोल काय, हा त्याचा मूळ प्रश्न. दहा वर्षांनीं मिळणाऱ्या एक हजार रुपयांचें आजचें मोल, व्याजाचा दर शेंकडा आठ धरल्यास, सुमारें ४६३ रुपये होतें. विद्यार्थी हें सूत्र रामरक्षेसारखें पाठ करितो व गुण मिळवितो. आपल्या आजीस ठाऊक असलेला दामदुपटीचा नियम मात्र त्याच्या कानांवरहि आलेला नसतो. सावकारानें एका वेळीं मुदलाहून अधिक व्याज वसूल करूं नये, असा हा हिंदु धर्मशास्त्राचा दंडक. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींहि तो मानला होता. चक्रवाढीची धास्ती आपल्या पूर्वजांस सूत्रावांचून कळली होती!

दुसरा प्रश्न जोखमीचा. हॅरी मार्कोविट्झ यांनीं १९५२ सालीं या विषयावर एक निबंध लिहिला, आणि १९९० सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. त्यांचें गणित विद्यार्थ्यास अवघड जातें, पण तत्त्व आपल्या शेतकऱ्यास परकें नाहीं. ज्वारीच्या ओळींआड तो तुरीची ओळ पेरतो. तुरीचें मूळ खोल जातें, पीक उशिरां निघतें. पावसानें मध्येंच ओढ दिली आणि ज्वारी गेली, तरी तूर हातीं लागण्याची आशा राहते. उलट एकाच विहिरीवर ऊंस आणि केळी लावली, तर पिकें दोन पण जोखीम एकच. विहीर आटली कीं दोन्ही गेलीं. पिकें किती, यापेक्षां तीं एकदम बुडतात कीं निरनिराळ्या वेळीं, हें पाहावयाचें. एवढें ज्यास उमगलें, त्यास फळ्यावरील चिन्हांचें भय उरत नाहीं.

सुटींत मुलगी घरीं येते, आणि खरी परीक्षा तेथें होते. समजा, बापानें कर्जाचा कागद आणला आहे: रक्कम एक लक्ष, मुदत तीन वर्षें, व्याज शेंकडा दहा, हप्ते छत्तीस, प्रत्येक ३,६११ रुपयांचा. “दहा टक्के म्हणजे स्वस्तच ना गं, बाळ?” तो विचारतो. सूत्रें घोकलेली मुलगी होकार देईल. विषय समजलेली पेन्सिल मागेल. व्याज तिन्ही वर्षें संपूर्ण लाखावर लावलें आहे, आणि मुद्दल तर दर हप्त्यागणिक फिटत जातें; सरासरीनें पाहतां निम्मीच रक्कम बापाच्या हातीं राहते. हिशेब करितां खरा दर शेंकडा अठराच्या घरांत जातो. तेंच कर्ज घटत्या बाकीवर शेंकडा बारा दरानें घेतलें, तर हप्ता सुमारें ३,३२१ रुपयांचा पडतो. दिसावयास महाग असलेलें बारा टक्के दहांपेक्षां दरमहा २९० रुपयांनीं स्वस्त ठरतें!

बाप चष्मा पुसून तो हिशेब पुन्हां एकदां पाहतो, कागदाची घडी करून खिशांत ठेवतो, आणि सही उद्यांवर टाकून दुसऱ्या पेढीचा दर विचारावयास निघतो.