पास आहे, पण जागा कोठें?

परदेशगमन ही एके काळीं बॅरिस्टर होऊं पाहणाऱ्यांची गोष्ट होती. आज मुलगा वा मुलगी युरोपांत नोकरीस असल्यामुळें आमच्यासारख्या पेन्शनरांसहि तो योग येतो. अशा प्रवाशांच्या हातीं पुष्कळदां रेल्वेचा पास असतो, आणि मनांत त्या पासाविषयीं एक गैरसमज असतो. त्याचें निरसन करावें, एवढाच माझ्या भाषणाचा हेतु आहे.

गैरसमजाचें मूळ आपल्या घरींच आहे. मुंबईच्या लोकलचा पास ज्यानें जन्मभर वापरला, त्यास पास म्हणजे येईल त्या गाडींत चढण्याची मुभा वाटते. उलटपक्षीं, लांबच्या गाडीचें आरक्षण केलें म्हणजे तिकीट आणि आसन हीं एकाच वेळीं हातीं येतात. युरोपचा पास या दोहोंहून निराळा आहे. तो प्रवासाचा हक्क देतो. आसनाचा हक्क देतोच असें नाहीं.

युरोपाबाहेरील लोकांसाठीं युरेल पास १९५९ सालीं निघाला, आणि युरोपांतील तरुणांसाठीं इंटररेल १९७२ सालीं. आज त्यांवर ३३ देशांत फिरतां येतें, व वयाची अट उरलेली नाहीं. कोणता पास घ्यावा हें राष्ट्रीयत्वावरून ठरत नसून वास्तव्यावरून ठरतें. नाशिकच्या आईबापांस युरेल, तर म्युनिकमध्यें राहणाऱ्या त्यांच्या मुलास इंटररेल.

आतां मुख्य मुद्दा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जम व हॉलंड या देशांतील बहुतेक गाड्यांत पासधारकानें खुशाल चढावें आणि रिकाम्या जागीं बसावें. मात्र बसण्यापूर्वीं आसनाजवळील फलक पाहावा. तेथें दोन स्थानकांचीं नांवें असल्यास त्या टप्प्यापुरती ती जागा दुसऱ्याची आहे. परंतु फ्रान्समधील तेजेवे, स्पेनमधील आवे, इटलींतील फ्रेच्चारोस्सा, समुद्राखालून लंडनला जाणारी यूरोस्टार आणि रात्रीच्या शयनगाड्या यांत आरक्षणावांचून प्रवेश नाहीं. त्याचा आकार निराळा द्यावा लागतो: देशांतर्गत वेगवान गाडीस साधारण १० ते २० युरो, यूरोस्टारला त्याहून बरेंच अधिक.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, कांहीं गाड्यांत पासधारकांसाठीं थोड्याच जागा राखलेल्या असतात. त्या संपल्या म्हणजे गाडी रिकामी असूनहि पास निरुपयोगी ठरतो. माझ्या परिचयाचें एक वृद्ध दांपत्य पॅरिसहून मिलानला निघालें होतें. पासाच्या जागा संपल्या होत्या, आणि परतीचें विमान तर मिलानहूनच होतें. शेवटीं पूर्ण भाड्याचीं दोन तिकिटें काढावीं लागलीं. पैसे गेले, त्याहून परमुलखांत खिडकीपुढें झालेली जिवाची घालमेल त्यांस अधिक जाचली.

म्हणून बेत आंखतांना क्रम उलटा ठेवावा. आधीं सक्तीच्या आरक्षणाच्या गाड्या शोधाव्या आणि त्यांच्या जागा धरून मगच मुक्काम ठरवावे. जागा न मिळाल्यास साध्या गाड्यांचा मार्ग पाहावा. मिलानहून व्हेनिसला वेरोना येथें गाडी बदलून विनाआरक्षण जातां येतें. वेळ अधिक लागतो, इतकेंच.

आणखी दोनतीन सूचना. पास आतां बहुधा मोबाइलमध्येंच असतो; गाडींत चढण्यापूर्वीं त्यांत त्या प्रवासाची नोंद करावी, आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. पासाचा दिवस मध्यरात्रीं बदलतो. रात्रीच्या गाडीस मात्र, मध्यरात्रीनंतर दुसरी गाडी न धरल्यास, निघण्याचा एकच दिवस खर्चीं पडतो. केवळ आरक्षणाची चिठ्ठी म्हणजे तिकीट नव्हे. पास व चिठ्ठी दोन्ही दाखवावीं लागतात. आणि पासांत ब्रिटन असलें तरी भारतीय प्रवाशास त्याचा व्हिसा शेंगेन व्हिसाहून वेगळा काढावा लागतो.

पास विकत घेण्यापूर्वीं एक साधें गणितहि मांडावें. पासाची किंमत आणि सर्व आरक्षणांचा आकार यांची बेरीज करून ती आगाऊ काढलेल्या साध्या तिकिटांच्या किंमतीशीं ताडून पाहावी. दोनतीनच शहरें पाहावयाचीं असतील तर पुष्कळदां तिकिटेंच स्वस्त पडतात. अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसण्याचे हे श्रम कोणाहि प्रवाशानें चुकवूं नयेत.