चाल : पारंपरिक

(वस्तीतल्या बुद्धविहारात भरलेल्या तरुण मुलामुलींच्या बैठकीतलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मी दहावी पास माणूस. गोदीत कंत्राटावर मजूर. पाळी संपली की कविता लिहितो, पाळी लागली की विसरतो. माझ्यामागं भिंतीवर हे पोस्टर लावलंय, त्याच्यावर बोल म्हणून मला उभं केलंय. तर आधीच सांगतो, हे दुसरं पोस्टर आहे. पहिलं मी फाडलं. का फाडलं, आणि फाडल्यावर माझीच कशी उतरली, एवढंच सांगायचंय.

आपल्यातला एक पोरगा कॉलेजात मीडियाचं शिकतो. त्यांच्या वर्गाला काम दिलं होतं. एका गाण्याचा व्हिडिओ करायचा, साडेतीन-चार मिनिटांचा. त्याच्याबरोबर गाण्याचं कव्हर आणि एक पोस्टर. तिन्ही एकमेकांशी जुळलं पाहिजे. म्हणजे व्हिडिओतला रंग, अक्षराचं वळण, माणसं, खूण, सगळं कव्हरवर दिसलं पाहिजे. रस्त्यात पोस्टर बघितलेल्या माणसानं व्हिडिओ लागल्या लागल्या ओळखलं पाहिजे की हे तेच. याला मार्क. पाच जणांचा गट, दिग्दर्शन करणारी एक पोरगी, चांगल्या घरातली. म्हणाली, "दादा, तुमची ती आकड्याची कविता आम्हाला द्या."

ती कविता अशी. पोती उचलायचा लोखंडी हूक असतो ना, माझा बाप त्याला आकडा म्हणायचा. आता गोदीत स्टीलच्या कॉइली येतात, क्रेन उचलते, आम्ही साखळ्या-पट्टे अडकवतो. बापाचा आकडा घरात खिळ्याला लटकलाय. आणि दुसरा आकडा म्हणजे मोजणी. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. कुठल्या शहाण्यानं ही दोन लेकरं एका पाळण्यात घातली? दुपारी आग लागली, चारच्या सुमाराला जहाज फुटलं. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांचा दिवस दरवर्षी पाळतात, पाळलाच पाहिजे. पण गोदीतले हमाल, मजूर किती गेले? एकूण मेलेल्यांचा आकडा कुणी आठशे सांगतं, कुणी तेराशे. मधल्या पाचशे माणसांचं काय करायचं? ती मेली का नाही मेली? ज्याचं नाव हजेरीवर नाही, त्याचं मरण पण हजेरीवर नाही. आणि दिवस कुठला, तर आपल्या बापाच्या जयंतीचा. असं ते गाणं.

चाल आत्यानं दिली. मी नुसती कविता वाचून दाखवत होतो. आत्या भाकरी थापत होती, म्हणाली, "असं काय वाचतोस, रडल्यासारखं?" आणि तिच्या आईच्या जात्यावरच्या ओवीचा सूर घेतला, मधेच मोडला, दुसरीकडं वळवला, माझ्या ओळी त्यात बसवल्या. दोन ठिकाणी माझे शब्दच बदलले. म्हणाली, "हा शब्द तोंडात बसत नाही." काकानं त्याखाली हलगी धरली. झालं गाणं.

रेकॉर्डिंग आमच्याच खोलीत केलं, रात्री दीडला, शेवटची लोकल गेल्यावर. खिडकीला, दाराला, कपाटाला गोधड्या लावल्या. त्यानं आवाज घुमत नाही. एक मागून आणलेला माइक. हलगी आतल्या मोरीत बसवली, नाहीतर ती सगळ्यांना गिळते. पंखा बंद. आत्या घामानं निथळत होती आणि गात होती.

आता शूटिंगचं ऐका, तुमच्या कामाचं आहे. गाणं आधी पक्कं करायचं, मग शूटिंग. शूटिंगला तेच गाणं स्पीकरवर लावायचं आणि त्याच्याबरोबर खरंच गायचं. नुसते ओठ हलवले तर गळ्याची शीर फुगत नाही, बघणाऱ्याला कळतं. प्रत्येक वेळी सुरुवातीला एक टाळी, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतो. आधी अख्खं गाणं लांबून घ्यायचं, मग जवळून चेहरे, हात, पाय. आमच्याकडं दोन फोन होते. एक सेकंदाला तीस चित्रं घेत होता, दुसरा पंचवीस. कुणाच्या लक्षातच आलं नाही. जोडायला बसल्यावर काकाची हलगी उचक्या द्यायला लागली. तो अर्धा दिवस पुन्हा करावा लागला, माझी एक हजेरी बुडाली.

गोदीत कॅमेरा नेता येत नाही. तिथं फोटोला बंदी. म्हणून शिवडीच्या धक्क्यावर गेलो. समोर खाडीचा चिखल, जानेवारी २०२४ ला सुरू झालेला अटल सेतू, आणि चिखलात गुलाबी फ्लेमिंगो. पोरं फ्लेमिंगोच्या मागंच लागली. म्हणलं, गाणं माणसांचं आहे, पाखरं नंतर बघू.

तिथं पहिली ठिणगी पडली. काका सूट घालून आला. जयंतीला घालतो तोच, निळा टाय. गटातला एक जण म्हणाला, "काका, कामाचे कपडे घाला ना, ग्रीस लावूया थोडं तोंडाला. रियल वाटेल." काका चाळीस वर्षं ग्रीस धुतोय, दोस्तांनो. साबणानं, राखेनं, रॉकेलनं. आणि हा वीस वर्षांचा पोरगा त्याला सांगतोय, ते परत लाव म्हणजे तू खरा वाटशील! यांना आपण मळलेलेच खरे वाटतो. धुतलेले असलो की खोटे. काका काही बोलला नाही, टायची गाठ जरा वर सरकवली आणि हलगी शेकायला बसला. सूट तसाच राहिला. जानेवारी २०१८ ला चेन्नईत पा. रंजित यांनी उभं केलेलं 'कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा मंचावर आलं, तेव्हा तेही एकसारख्या सुटातच आले होते. सूट म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. चौकाचौकात उभा आहे.

मग पोस्टर आलं. खोटं कशाला बोलू, देखणं होतं. गंजाचा लाल रंग, व्हिडिओत होता तोच. मधोमध एक काळा हात, हातात आकडा. अक्षरं तुटल्यासारखी, लोखंडातून कापल्यासारखी. जुळवाजुळव म्हणाल तर शंभर टक्के. फक्त हाताला माणूस नव्हता. मनगटाच्या वर काळोख. खाली कॉलेजचं नाव मोठं, पाच विद्यार्थ्यांची नावं, मग बारीक अक्षरात 'गीत' म्हणून माझं. काका नाही. आत्या नाही. 'आकडा' नावाचं गाणं, मेलेल्या बेनाव माणसांचं, आणि पोस्टरवर आमचा बेनाव हात!

मी ते त्यांच्यासमोरच फाडलं. खूप बोललो. शिव्या पण दिल्या. म्हणलं, तमिळमधलं 'एन्जॉय एन्जामी' तुमच्या फोनवर वाजतं, ते अरिवूनं लिहिलं, गायला पण तोच होता बरोबर. सिलोनच्या चहामळ्यात राबलेल्या, जमिनीचा तुकडा नशिबी नसलेल्या त्याच्या आजीची गोष्ट त्यात आहे, आजी व्हिडिओत बसलीय. मार्च २०२१ ला गाणं आलं, जगभर गेलं. आणि ऑगस्ट २०२१ ला एका इंग्रजी संगीत-मासिकाच्या भारतीय आवृत्तीनं मुखपृष्ठावर दोन गायक छापले, त्यात अरिवू नाही! पा. रंजित जाहीरपणे बोलले, लोक खवळले, तेव्हा कुठं त्याचं मुखपृष्ठ आलं. म्हणजे गाणं आमचं चालतं, आजी चालते, घाम चालतो. फक्त मुखपृष्ठ आलं की आम्ही जागेत मावत नाही.

ती दिग्दर्शन करणारी पोरगी रडली नाही, भांडली पण नाही. बॅगेतून एक कागद काढला. म्हणाली, "दादा, नावं तुम्हीच लिहून दिली होती. हा तुमच्या अक्षरातला कागद."

कागद माझाच. मीच लिहिलेलं. गीत, पुढं माझं नाव, टोपणनावासकट. हलगी, पुढं 'वस्तीतले कलाकार'. आणि चाल, पुढं काय? 'पारंपरिक'.

आत्या दारात उभी होती. महापालिकेत कंत्राटी झाडूवाली आहे, तेव्हाच कामावरून आली होती. तिला वाचता येतं, प्रौढ साक्षरतेत शिकली. तिनं कागद घेतला, बोट ठेवून वाचला. म्हणाली, "पारंपरिक कोण रं? तुझी बायको का?" सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "कंत्राटदाराच्या वहीत माझं नाव चुकीचं आहे, ते मी तीन वर्षं भांडतेय. तुझ्या वहीत तर नावच नाही."

दोस्तांनो, तेव्हापासून मी हा शब्द लिहिताना थांबतो. पारंपरिक. किती गोड शब्द आहे! आपल्या आयाबायांनी जात्यावर, लावणीच्या चिखलात, बाळंतिणीच्या खाटेशी बसून ज्या चाली केल्या, त्या सगळ्या एका शब्दात बेवारस. कॅसेटच्या जमान्यात चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या ढिगानं कॅसेटी विकल्या गेल्या. कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो, गायकाचा फोटो. कोरसमधल्या बाया कोण होत्या? कुणाला ठाऊक? प्रस्थापितांनी आपल्याला खोडलं म्हणून आपण बोंबलतो, बोंबललंच पाहिजे. पण तेच खोडरबर माझ्या खिशात निघालं, त्याला काय म्हणू? व्यवस्था तिकडं मलबार हिलवरच राहते असं नाही. माझ्या पेनातून पण उतरते.

मग दुसरं पोस्टर. तीन रात्री बसलो. ती पोरगी पण बसली, घरी खोटं सांगून. आत्या मधे, खुर्चीवर, तिच्या इच्छेनं जांभळ्या लुगड्यात. काका सुटात. मी मागं उभा. आमच्याच दारात, दिवसाच्या उजेडात, चेहऱ्यावर सावली पडू न देता. लाल रंग ठेवला, तो गंज खराच आहे आमच्या पत्र्याचा. अक्षरं जयंतीचे बोर्ड रंगवणाऱ्या आपल्या पोराकडून ब्रशनं काढून घेतली, त्याचाच फोटो काढून कव्हरवर आणि व्हिडिओत पण वापरला, म्हणजे तिन्हीकडं एकच हात. कव्हर चौकोनी, तीन हजार बाय तीन हजार पिक्सेल. ऑनलाइन गाणं चढवताना एवढं लागतं. पण फोनवर ते नखाएवढं दिसतं, म्हणून कव्हरवर फक्त चेहरे आणि गाण्याचं नाव. पोस्टरवर सगळी नावं, एकाच मापात. 'चाल' च्या पुढं आत्याचं पूर्ण नाव. तिनं सांगितलं ते, कंत्राटदाराच्या वहीतलं नाही.

व्हिडिओची सुरुवात पण बदलली. प्रत्येकानं आपलं नाव खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि टाकून द्यायचं. पोरगी म्हणाली, ही जुनी युक्ती आहे, १९६७ च्या 'डोन्ट लुक बॅक' या सिनेमात बॉब डिलन असेच गाण्यातल्या शब्दांचे पुठ्ठे टाकत जातो. म्हणलं, असू दे. आमच्याकडं पुठ्ठे भरपूर आहेत. फक्त आत्यानं तिचा पुठ्ठा टाकला नाही. धरूनच उभी राहिली. ते तसंच ठेवलं.

कॉलेजात मार्क कमी पडले. पोस्टरवर मजकूर फार, नजर कुठं ठरत नाही, असा शेरा आला. पहिलं ठेवलं असतं तर जास्त मिळाले असते. त्या पोरीनं कमी मार्क घेतले. हे मी इथं मुद्दाम सांगतो, कारण तिला पांढरपेशी म्हणून मी सगळ्यांत आधी शिवी घातली होती.

आता शेवटचं. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर काढली, तेव्हा एक पत्रक छापायचं म्हणजे वर्गणी गोळा करावी लागायची. तुम्हाला सबब नाही. गाणं करा, व्हिडिओ करा, पोस्टर पण तुम्हीच करा. ते दुसऱ्यावर सोडू नका. पण शूटिंगच्या आधी एक कागद घ्या, प्रत्येकाला त्याचं नाव त्याच्याच हातानं लिहायला लावा. लिहिता येत नसेल तर तो सांगेल तसं लिहून त्याला वाचून दाखवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात लिहिणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला स्वतःच्या नावाचा हक्क आहे, हक्क विकले तरी तो जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला पण तो दिलाय. कायदा आपल्या बाजूला आहे. तो आपल्याच घरात मोडायचा नाही, एवढं बघा.

आत्या आज आलीय. तिकडं मागं, खांबाशी बसलीय. मी तिला म्हणलं, स्टेजवर ये. म्हणाली, "पोस्टरवर आहे की मी, अजून किती वर येऊ?"

जय भीम!