मंद आचेचा हिशेब



स्वयंपाकघरातले आवाज मराठीने फार बारकाईने टिपले आहेत. वरण रटरटतं, पिठलं खदखदतं, दूध उतू जाण्याआधी सरसरतं. पाण्याला आधण येतं, उकळी फुटते. अलीकडे या शब्दांत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. ‘रस्सा सिमवर ठेव गं’, असं आपण सहज म्हणतो. गॅसच्या बटणावर इंग्रजीत लिहिलेला तो अर्धा शब्द आपण कधीच मराठी करून टाकला. आज मला या ‘सिम’बद्दल, म्हणजे मंद आचेबद्दल बोलायचं आहे.

मी बी.ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी माझी ओळख पुस्तकातली. पण रश्शाचं गणित समजायला तेवढी पुरते. हाडांच्या सांध्यांत कोलॅजन नावाचं एक चिवट प्रथिन असतं. पाणी ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ते हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. पाया खाताना ओठ एकमेकांना चिकटतात ते या जिलेटिनमुळे. त्यासाठी पाण्याला धो धो उकळी लागत नाही, पण तास लागतात. जोराच्या उकळीत चरबी आणि फेस पाण्यातच घुसळले जातात आणि यखनी गढूळ होते. म्हणून जाणती बाई आधी वरचा फेस काढते, मग आच कमी करते. मधूनच एखादा बुडबुडा वर यावा, इतकीच.

आज हे बटण फिरवून होतं. चुलीवर ही विद्या होती. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात कापूस निघाला की पऱ्हाट्या आणि तूर निघाली की तुराट्या घराच्या मागे रचून ठेवत. पऱ्हाटी भरकन पेटते आणि भरकन विझते. तिच्यावर भाकरी होते, आधण येतं, पण यखनी होत नाही. मंद आच हवी तर गोवरी हवी. रोडग्यांच्या पंगतीत रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात ते याच कारणाने. अम्मी पऱ्हाटीवर उकळी आणायची, मग जळण मागे ओढून दोन गोवऱ्या सारायची. आच कमी करण्याचं तिचं बटण हेच.

जाळाइतकंच पाणी महत्त्वाचं. जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, आम्ही जिल्ह्याचे दोन भाग करतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडे खारपाण पट्टा आहे. तिथल्या कित्येक विहिरींचं पाणी खारट. पाण्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम जास्त असलं की डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन घट्ट होतं आणि डाळ काही केल्या गळत नाही. अम्मीचं माहेर संग्रामपूर तालुक्यातलं. लग्न होऊन ती घाटावर चिखलीला आली, तेव्हा तिला पहिलं अप्रूप वाटलं ते डाळीचं. ती म्हणायची, “इथलं पाणी गोडं, डाळ लाडानं शिजते.” पुढे वान धरणाचं पाणी तिच्या माहेरच्या भागातल्या गावांना नळाने मिळू लागलं. पण त्याआधी एका वरणासाठी किती बायकांनी किती गोवऱ्या जास्त जाळल्या आणि किती दुपारी चुलीपुढे घालवल्या, ते कोणत्याही वहीत लिहिलेलं नाही.

आमच्या घरचा ‘शोरबा’ हा शब्द मुळात फार्सी. त्यातल्या ‘शोर’चा अर्थ खारट. म्हणजे शोरबा म्हणजे खारट कालवण! खारपाण पट्ट्यातल्या लेकीच्या हातचा शोरबा खाताना मला या शब्दाची गंमत वाटायची.

आमच्या शेजारी होळीला पुरण शिजायचं. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवायची आणि पाणी निथळून घ्यायचं. डाळीचं पुरण होतं आणि निथळलेल्या पाण्याची आमटी. या पाण्याला कुणी कट म्हणतं, मराठवाड्याकडे येळवणी म्हणतात आणि खानदेशच्या बाजूला त्याची रशी होते. आमच्या जिल्ह्याला या दोन्ही मुलखांची शीव लागून आहे. त्यामुळे लेकी-सुना इकडून तिकडे गेल्या की शब्दही जातात. चिंच मात्र सगळीकडे डाळ शिजल्यावरच घालतात, कारण आंबटात डाळ निबर राहते. आमच्या यखनीचंही तेच. आलं, लसूण, धणे, बडीशेप यांची पुरचुंडी घालून मटण शिजवायचं आणि त्याच पाण्यात पुलावचा तांदूळ. डाळीचं असो की मटणाचं, शिजवलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, हा नियम दोन्ही घरांत सारखाच होता. काकूंच्या कटाची वाटी आमच्याकडे यायची आणि मोहर्रमच्या दहाव्या दिवशी गव्हाचा खिचडा, त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात बिनमटणाचा, त्यांच्याकडे जायचा.

मग कुकर आला. श्रोतेहो, कुकरचा जन्मच हाडांसाठी झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १६७९ साली डेनी पापँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक भांडं मांडलं. कोंडलेल्या वाफेत हाडं मऊ करावीत, हा त्याचा हेतू. आपल्याकडे कुकर बनू लागले ते १९५९च्या सुमारास. कोंडलेल्या वाफेने पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचतं आणि पाच-सहा तासांचा पाया तासाभरात होतो. चुलीवरची चव गेली म्हणून हळहळणारे बहुतेक पुरुष असतात. आमच्या घरी कुकर आला त्या दिवशी अम्मी चवीबद्दल एक अक्षर बोलली नाही. दुपारी ती झोपली. भरदुपारी झोपलेली अम्मी मी तोवर पाहिलीच नव्हती.

मंद आचेचं कौतुक करताना म्हणूनच मला एक हिशेब मांडावासा वाटतो. भंडाऱ्याच्या वरणाची कढई आठवा. मोहर्रमच्या खिचड्याची देग आठवा. तिथे रात्रभर घोटणी फिरते आणि फिरवणारे पुरुष असतात. एक दमला की दुसरा येतो. कुणी चहा आणतं, कुणी जळण सारतं. सार्वजनिक कढईला पाळी असते. घरच्या पातेल्याला पाळी नसते. तिथे पाच तास एकच बाई उभी असते, शिवाय मधल्या वेळेत तिने कणीक मळावी, कपडे धुवावेत अशी अपेक्षा असते. रस्सा चांगला झाला की आपण म्हणतो, तिच्या हाताला चव आहे. हाताला चव असेलही, पण त्या वाटीत तिची अख्खी दुपार असते.

तेव्हा येत्या सुटीच्या दिवशी यखनी करा, नाहीतर कटाची आमटी करा. कुकर बाजूला ठेवा आणि पातेलं सिमवर ठेवा. आधी फेस काढा, मीठ-चिंच शेवटी घाला. उरलं तर सकाळ-संध्याकाळ उकळा, वऱ्हाडच्या उन्हात ते लगेच आंबतं. फक्त एक करा. घरात चार माणसं असतील तर चौघांची पाळी लावा. पहिली पाळी घरातल्या कर्त्या पुरुषाने घ्यावी. स्टूल ओट्याशी ओढून पेपर तिथेच वाचावा. पातेल्याला एवढीच सोबत लागते.

आदाब.