हप्ता दिला होता की नव्हता?

मी शिरढोणहून बोलतेय. बचत गटांचं समन्वयाचं काम करते.

आमच्या एका गटात दोनशे रुपयांवरून भांडण झालं. एक काकू म्हणाल्या, "मी या महिन्याचा हप्ता दिलाय. देवळाच्या ओट्यावर बसलो होतो, पाऊस पडत होता. मला चांगलं आठवतंय." वहीत नोंद नव्हती. कुणीतरी त्यांना खोटारडी म्हटलं. मीही गप्प राहिले. काकू बैठकीला यायच्या बंद झाल्या. नंतर मागची पानं चाळली, तर ओट्यावरची बैठक आणि तो हप्ता आधीच्या महिन्यातला निघाला. काकू खोटं बोलतच नव्हत्या. दोन बैठका त्यांच्या आठवणीत एक झाल्या होत्या.

असं का होतं? आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. घडलेल्या गोष्टीची आठवण तयार व्हायला तो लागतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या फिट थांबवण्यासाठी दोन्हीकडचा हा भाग बराचसा काढला. त्यांना बालपण आठवायचं, पण आत्ता भेटलेला माणूस थोड्या वेळानं नवाच वाटायचा.

हा भाग दोन कामं करतो. एक, सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या ठेवणं. प्रत्येक प्रसंगाला थोड्याच पेशी जाग्या होतात आणि दर वेळी वेगळ्या. दुसरं, एका खुणेवरून अख्खा प्रसंग उभा करणं. ओल्या मातीचा वास आला, की जुना पाऊस आठवतो तसं.

आपल्या बैठका कशा? त्याच बायका, तीच सतरंजी, तेवढाच हप्ता. अशा वेळी पहिलं काम कमी पडतं आणि दुसरं काम जुनीच आठवण पुढे आणतं. वय वाढतं तसं हे जास्त होतं. पण तरुणपणीही होतं. गॅस बंद केला की नाही, हे आपण परत जाऊन बघतोच ना?

आम्ही काकूंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या परत येऊ लागल्या. आता पैसे हातात पडले की लगेच वहीत आणि पासबुकात लिहितो आणि उठण्याआधी नोंदी मोठ्यानं वाचतो. पानावर त्या दिवशीची एक वेगळी गोष्टही लिहितो, कोण नवीन आलं, काय ठरलं.

तुमच्या गटात असा वाद झाला, तर आधी वही उघडा. बाईला खोटं ठरवायची घाई करू नका.