कोंबडे झाकले तरी...



चिरनेर म्हटले की रायगडकरांना १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. उरण तालुक्यातील याच गावाचे नाव जानेवारी २०२५ मध्ये वेगळ्याच कारणाने चर्चेत आले. कोंबड्या पटापट मरू लागल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निष्पन्न झाला. अशा वेळी नियमानुसार १ किलोमीटरच्या आतील सर्व कोंबड्या नष्ट केल्या जातात आणि १० किलोमीटरचा परिसर निगराणीखाली येतो.

महाराष्ट्राला हे संकट नवे नाही. देशातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या फार्मवर झाला. लक्षावधी पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये त्याच नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

रानबदके व पाणपक्षी यांच्या विष्ठेतून हा विषाणू पसरतो, हे खरे. रायगडच्या खाड्या-खाजणांत हिवाळ्यात असे पाहुणे उतरतातच. परंतु एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर त्याला पोहोचवतो तो माणूसच: अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गोण्या, टेम्पोची चाके, पायातल्या चपला यांवरून.

अंडी एकाएकी घटतात, कवच मऊ पडते, तुरा निळसर होतो. तेथे मालकाची खरी कसोटी लागते. कोंबडी पहिले अंडे देते ती सुमारे पाच महिन्यांची झाल्यावर. २०२१ मध्ये अशा मोठ्या कोंबडीची भरपाई होती ९० रुपये. तेवढ्यात तिला वाढवण्याचा खर्चही निघत नाही. म्हणून मेलेल्या कोंबड्या गुपचूप पुराव्यात आणि उरलेल्या विकून मोकळे व्हावे, असा मोह होतो. तो समजण्याजोगा आहे, क्षम्य मात्र नाही. शिवाय तो तोट्याचाही आहे. भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. विलंबाच्या प्रत्येक दिवशी स्वतःचे नुकसान वाढते आणि शेजाऱ्याच्या खुराड्याला धोका पोहोचतो.

शासनाचेही कर्तव्य आहे. भरपाई वाजवी आणि वेळेवर मिळाली, तरच खरे सांगण्याचे धैर्य टिकेल. ग्राहकांनीही अफवांना बळी पडू नये. पूर्ण शिजवलेले अंडे खाण्यास सुरक्षित असते.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपले पूर्वज सांगून गेले. रोगाचेही तसेच आहे. पहिली कोंबडी दगावताच पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी देणारा शेतकरी साऱ्या गावाचे रक्षण करतो.