कटवेची राणी आणि सेलूची पॅसेंजर



संयोजकांनी मला 'यशाची वाटचाल' हा विषय दिला होता. त्यावर माझ्याकडं दहा मिनिटांचा ऐवज नाही. म्हणून एका सिनेमाबद्दल बोलते, आणि जाता जाता एक जुना हिशेबही सांगते.

जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षांची पोर, त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली. आपल्या ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहिलं, 'गरिबीतून वर आली.' तसं नाही. तिचे आईवडील दोघंही डॉक्टर आहेत. त्यानं तिच्या खेळाचं मोल कणभरही कमी होत नाही. पण अशा गोष्टीत गरिबी घालायची आपल्याला सवयच लागली आहे, वरणाला फोडणी द्यावी तशी. गरिबी खरोखर काय करते ते बघायचं असेल तर मीरा नायर यांचा 2016 चा 'क्वीन ऑफ कटवे' बघा.

कटवे ही युगांडाच्या कंपाला शहरातली झोपडपट्टी. तिथली फियोना मुतेसी. वडील तिच्या लहानपणीच गेलेले. आई बाजारात मका विकते, पोरगीही विकते. शाळा सुटलेली. भावाच्या मागोमाग ती एका शेडमध्ये जाते, कारण तिथं खेळणाऱ्या मुलांना पेज मिळते. प्याद्याचा वजीर कसा होतो हे तिला शिकवते तिच्याहूनही लहान एक मुलगी. पुढं फियोना देशाकडून ऑलिंपियाड खेळते, रशियात हरते, रडते. हे सगळं खऱ्या मुलीवर बेतलेलं आहे. 2012 च्या इस्तंबूल ऑलिंपियाडनंतर तिला वुमन कँडिडेट मास्टर हा किताब मिळाला. जगज्जेती वगैरे ती झाली नाही, आणि सिनेमा तसा आवही आणत नाही.

मला मात्र चटका लावून गेला तिचा शिक्षक, रॉबर्ट कटेंडे. शिकलेला इंजिनिअर. सिनेमात त्याला चांगली नोकरी चालून येते आणि मुलांसाठी तो ती सोडतो. मी नोकरी घेतली. इथं बसलेल्या बहुतेकांनी घेतली. घरी गरज होती, त्यामुळं त्याचं मला अपराधी वाटत नाही.

अपराधी वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (2022) तुम्ही पाहिला असेल, नागपूरच्या विजय बारसे सरांवर बेतलेला. त्यात एका मुलीचा बाप तिच्या पासपोर्टसाठी कागद गोळा करत वणवण हिंडतो. पोरीला खेळ येतो, आडवा येतो कागद. मी रोज ऑनलाइन फॉर्म बनवते. चौकटीपुढं लाल तारा टाकला की ती भरल्याशिवाय कुणाला पुढं जाता येत नाही. सिनेमा बघून दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर त्या ताऱ्याकडं बघवेना. कारण असा एक तारा मी आठवीत असतानाच कुणाच्या तरी वाटेत राहू दिला होता.

आपल्या वर्गात बुद्धिबळात सगळ्यांना हरवणारी मी नव्हते, दुसरी एक होती. शाळेतून एकीलाच परभणीच्या स्पर्धेला जायचं होतं. सेलूहून पॅसेंजरचं तिकीट आणि प्रवेश फी मिळून वीसेक रुपये. तिच्या घरी कापूस वेचणी चालू होती, हातात पैसा नव्हता. यादीत दुसरं नाव माझं. बाबांकडं तिच्यासाठी वीस रुपये मागायचं माझ्या मनात आलं होतं. मागितले नाहीत. ती गेली असती तर मी राहिले असते.

मी गेले, आणि दुसऱ्या फेरीत घोडा फुकट घालवून हरले. आजच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'शालेय जीवनात बुद्धिबळपटू' असं छापलंय ना, ते त्याच प्रमाणपत्राच्या जोरावर.

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला कमान बांधायचं ठरलंय. जरूर बांधा. पण तिची उंची दोन हात कमी करा आणि तेवढे पैसे मुलांच्या स्पर्धेच्या फीसाठी आणि तिकिटासाठी बाजूला ठेवा. कागदांचं बघायला मी आहे, तेवढं काम मला येतं.

ती आज आली आहे. नाव घेऊ नको म्हणाली, म्हणून घेत नाही. मागच्या आठवड्यात फोनवर तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "तवाचं जाऊ दे गं. पट आणतीस का?"

आणलाय. जेवणानंतर, आठवीच्या वर्गात.