अडून बसलेलं बेअरिंग आणि गटाची जीप

आज पापड-लोणच्याचं नाही, जीपचं बोलायचं आहे. आमच्या गटाकडे जुनी फोर व्हील महिंद्रा जीप आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं फौजेसाठी विलीज जीप बनवली, तिच्याच घराण्यातली ही. आठवडी बाजाराला भाजी आणि रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण, दोन्ही तीच तालुक्याला नेते. तिचं स्टेअरिंग खड्डा आला की हातात नाचायला लागलं. गॅरेजवाले म्हणाले, पुढचा अख्खा एक्सल बदला. म्हणजे गटाच्या शिलकीवर पाणीच सोडायचं.

आधी दुखणं कुठं आहे ते पाहिलं. ही तपासणी कुणालाही जमेल. पुढचं चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली धरून हलवायचं. खुळखुळलं तर दुसरीनं ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचं. खुळखुळ थांबली तर चाकाचं बेअरिंग गेलं. ब्रेक दाबूनही हललं तर बहुतेक किंगपिनचं, म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं. आमचं डावं चाक ब्रेक दाबूनही हलत होतं. एक्सल धड होता, गेली होती ती वर-खालची दोन बेअरिंगं.

आता खरी गोष्ट. अशा बेअरिंगचे दोन भाग असतात. रोलरचा भाग हातानं निघतो. त्याच्या बाहेरची कडी, जिला मिस्त्री कप म्हणतात, ती एक्सलच्या टोकात ठोकून घट्ट बसवलेली असते. वर्षानुवर्षं चिखलपाणी लागलं की गंजून जणू एकच होते. ती काढायचं खास हत्यार आमच्याकडे नव्हतं.

गाडी घोडीवर नीट टेकवली, मागच्या चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालू नका, वीट भुगा होते. चाक, हब, ब्रेकची प्लेट, आतला दांडा काढला. किंगपिनच्या झाकणाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या निघतात. वरच्या वेगळ्या, खालच्या वेगळ्या तारेत ओवून ठेवल्या. त्या इकडच्या तिकडे झाल्या तर पुढचं सगळं माप चुकतं.

कपावर सरळ घण घालायचा नाही. बेअरिंगचं पोलाद फार कडक असतं, म्हणूनच ते ठिसूळही असतं. घाव बसला की कपची उडते, आणि ती डोळ्याकडेच येते. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय आम्ही कुणालाच हात लावू दिला नाही, बघायला आलेल्या पोरांनाही लांब बसवलं.

आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं होतं. सकाळी दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा तुकडा कपाच्या आतल्या काठामागे बसेल एवढा कापून घेतला, मधे भोक पाडलं. त्यातून लांब बोल्ट बाहेर काढला. बाहेर कपापेक्षा मोठ्या तोंडाचा पाईपचा तुकडा टेकवला, त्यावर दुसरी पट्टी, मग नट. आट्यांना ग्रीस लावून नट आवळत गेलो. विहिरीच्या रहाटासारखं, खेचायचं काम दोरी करते, आपण फक्त फिरवायचं.

तरी हलेना. मग एका काकूंनी आपली घरची युक्ती काढली. एकात एक अडकलेली फुलपात्रं आपण कशी सोडवतो? बाहेरून गरम पाणी, आत थंड. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, तेही हेच. पन्नास मिलिमीटरचं लोखंडी भोक ऐंशी अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०५ मिलिमीटर मोठं होतं, वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढं. पण अडलेल्या कपाला तेवढं पुरतं. बाहेरून गोणपाट गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतलं, आत कपाला पिशवीतला बर्फ लावला आणि लगेच नट आवळला. टक्कन आवाज झाला, वरचा कप सुटला.

खालचा त्यानंही आला नाही. ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरला बोलावलं. बॅटरीची तार आधी सोडली, आसपासचं ग्रीस-डिझेल पुसून घेतलं. त्यानं कपाच्या आतून गोल एक वेल्डिंगची रेघ मारली. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि कपाला आत ओढतं. तो गार झाल्यावर दोन हलक्या ठोक्यांत खाली पडला. कप फेकायचाच असेल तेव्हाच हे करायचं.

नवा कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. वरचा जुना कप बाहेरून जरा घासून घेतला आणि तोच नव्यावर ठेवून, सगळीकडून सारखे ठोके देत बसवला. शेवटी ठण्ण असा भरीव आवाज येतो, तोवर थांबायचं नाही. खोबणीतलं पाणी पुसून, ताजं ग्रीस भरून चकत्या पहिल्यासारख्या लावल्या. मग भाजी तोलायचा ताणकाटा स्टेअरिंगच्या दांड्याला अडकवून ओढून पाहिलं आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळेपर्यंत चकत्या कमी-जास्त केल्या. फार सैल ठेवलं तर पुन्हा नाचतं, फार आवळलं तर वळणावर स्टेअरिंग परत सरळ होत नाही.

बेअरिंगांचे दोन जोड, ग्रीस आणि वेल्डरची मजुरी, एवढाच खर्च आला. उजव्या बाजूला सध्या खुळखुळ नाही, दर महिन्याला ब्रेक दाबून बघतो. पट्टी, पाईप आणि बोल्ट गटाच्या खोलीत खुंटीला टांगले आहेत. कुणाच्या जीपला लागले तर घेऊन जा, चष्मा तेवढा आपला आणा.